मांडणी का वाजते?

मुलांनो, तुमच्या घरी स्टीलची मांडणी असेल. लोह्यासारख्या गावात अनेकजण तिच्या वरच्या फळीवरच स्पीकर ठेवतात. कव्वाली सुरू होते, ढोलकीची थाप पडते आणि खालची ताटे खणखणू लागतात. तुम्हांला गंमत वाटते. दादीला मात्र वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. ज्यांनी ती पहाट अनुभवली, ती माणसे भांडी वाजताच दचकली, तर त्यांना हसू नका.

पण भांडी वाजतात कशी? आवाज म्हणजे कंपन. स्पीकरचा पडदा वेगाने मागेपुढे हलतो आणि हवेला हलवतो. त्याच वेळी स्पीकरची पेटीही थरथरते. ही थरथर पत्र्याच्या फळीत जाते, फळीतून उभ्या पट्ट्यांत आणि तेथून ताटांत.

मात्र सगळी भांडी एकदम वाजत नाहीत, हे तुमच्या लक्षात आले आहे का? प्रत्येक वस्तूची थरथरण्याची स्वतःची एक गती असते. झोक्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत राहिले, तरी तो उंच जातो. तसेच एखादा सूर डब्याच्या झाकणाच्या गतीशी जुळला, की तेवढे झाकणच वाजते. याला अनुनाद म्हणतात.

आता आधी चोर पकडा. गाणे चालू असताना एकेका भांड्यावर बोट ठेवा. खणखण थांबली, की चोर सापडला! त्याच्याखाली कापडाची घडी सरकवा. पण एक चोर पकडला, तर दुसरा वाजू लागतो. म्हणून स्पीकरच मांडणीवरून उतरवलेला बरा.

शहाबादी फरशीचा एक तुकडा घ्या. आपल्या मराठवाड्यात तो सहज मिळतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून त्यांच्या जाड घड्या करा. त्या जमिनीवर ठेवा, त्यांवर फरशी आणि फरशीवर स्पीकर. फरशी उचलताना अब्बांची मदत घ्या, नाहीतर बोटे चेंगरतील. जड फरशी सहजासहजी हलत नाही. थोडी हललीच, तर रबर दबते आणि थरथर पुढे फारशी जाऊ देत नाही. रबराऐवजी मऊ स्पंज वापरू नका. त्यावर पेटी डुलते आणि एखादे दिवशी कलंडते. स्पीकर अगदी कोपऱ्यातही ठेवू नका. तेथे ढोलकीचा जाड आवाज अधिकच घुमतो.

एवढे करूनही एखादे झाकण वाजेल, कारण हवेतून जाणारे कंपन फरशी अडवत नाही. तेव्हा उठा आणि आवाज थोडा कमी करा.