पावसाने थांबलेली परीक्षा

१. प्रस्तावना

परीक्षा म्हटली की वर्ग, बाके, प्रश्नपत्रिका आणि घड्याळ आपल्या डोळ्यांसमोर येते. वाहन चालवण्याची परीक्षा मात्र उघड्या मैदानावर होते. तिथे छत नसते. त्यामुळे उमेदवाराची तयारी कितीही पक्की असली तरी आकाशाची तयारी वेगळी असू शकते. पाऊस, धुके किंवा बर्फ यांमुळे ही परीक्षा पुढे ढकलली जाते तेव्हा काय घडते, कोणाचे काय अडते आणि असा निर्णय योग्य का ठरतो, याचा विचार या पाठात केला आहे. त्यासाठी बंगळूरमधील इलेक्ट्रॉनिक सिटी या उद्योगनगरीचे उदाहरण घेतले आहे.

२. उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• वाहन परवान्याच्या परीक्षेचे टप्पे सांगता येतील;
• हवामान आणि रस्त्यावरील सुरक्षितता यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत सकारण लिहिता येईल;
• ‘रद्द’, ‘स्थगित’, ‘तहकूब’ यांसारख्या कार्यालयीन शब्दांतील फरक ओळखता येईल.

३. मूळ पाठ

बंगळूर शहराच्या दक्षिणेला, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत इलेक्ट्रॉनिक सिटी वसली आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या परिसरात ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभारली. आर. के. बाळिगा यांनी या कल्पनेचा पाया घातला. आरंभी ओसाड वाटणाऱ्या या माळावर पुढे संगणक उद्योगाच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे कामासाठी आली. त्यांत बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, लातूर या भागांतील मराठी माणसेही आहेत. काही जण संगणकावर काम करतात, तर काही गाड्या चालवतात, घरोघरी सामान पोहोचवतात, उपाहारगृहांत राबतात.

या वसाहतीचा आणि वाहनांचा संबंध जवळचा आहे. जानेवारी २०१० मध्ये सिल्क बोर्ड चौकापासून येथपर्यंत सुमारे दहा किलोमीटर लांबीचा उन्नत मार्ग खुला झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिकाही सुरू झाली. तरीही रात्रपाळीला जाणाऱ्याला, आतल्या गल्लीत राहणाऱ्याला आणि ज्याची रोजीरोटीच चाकांवर आहे त्याला स्वतःच्या वाहनावाचून गत्यंतर नसते. या भागासाठी स्वतंत्र प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. ‘केए ५१’ या अक्षरांनी सुरू होणारे वाहन क्रमांक याच कार्यालयाचे होत.

वाहन चालवण्याचा परवाना मिळवण्याची रीत मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी ठरवून दिली आहे. प्रथम शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. तो सहा महिने चालतो. तो मिळाल्यापासून किमान ३० दिवस गेल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. चाचणीत उमेदवाराने दुचाकीवर आठच्या आकड्यासारख्या वळणांतून पाय न टेकता जायचे असते. मोटार चालवणाऱ्याने योग्य वेळी इशारा देणे, गिअर बदलणे, आरशात पाहणे, गाडी मागे घेणे आणि ठरल्या जागी थांबवणे ही कौशल्ये दाखवायची असतात. चाचणीत अपयश आले तर सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीन वेळा अपयश आले तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते.

आता हवामानाकडे वळू. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरला कडाक्याची थंडी क्वचितच पडते. १३ जानेवारी १८८४ रोजी तेथे ७.८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. एवढा गारठा त्या शहराने पुन्हा अनुभवलेला नाही. तेथील हिवाळ्याची खरी अडचण बर्फाची नसून पाण्याची आणि धुक्याची आहे. महाराष्ट्रातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस निरोप घेतो, दसरा-दिवाळीत आकाश निवळते, तेव्हा बंगळूरला ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस गाठतो. बंगालच्या उपसागरात वादळ उठले की त्याची झळ या शहरापर्यंत पोहोचते. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि त्यानंतर दक्षिण कर्नाटकातही पावसाळी, गारठलेले दिवस आले. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे धुके उतरते ते वेगळेच. दृश्यता २०० मीटरहून कमी झाली की हवामानशास्त्र त्याला ‘दाट धुके’ म्हणते.

अशा दिवशी चाचणी घेतली तर काय होईल? ओल्या डांबरावर टायरची पकड सैल होते. बऱ्याच दिवसांनी पडलेल्या पहिल्या सरीत तर धूळ आणि सांडलेले तेल पाण्यात मिसळून रस्ता अधिकच निसरडा होतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत दिलेले अंतर येथे उपयोगी पडेल. ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबेपर्यंत २३ मीटर पुढे जाते. त्यातले ९ मीटर चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सरतात आणि १४ मीटर ब्रेक लागल्यावर. रस्ता ओला असेल तर थांबण्याचे हे अंतर किमान दुप्पट धरावे, बर्फावर ते दहापटीपर्यंत जाऊ शकते, असे ती पुस्तिका बजावते. मैदानावर साचलेल्या पाण्याने आखलेल्या रेषाच दिसेनाशा झाल्या, तर उमेदवाराची रेषेवरची पकड परीक्षक तरी कशी जोखणार?

हवामानामुळे चाचणी न घेण्याची प्रथा ब्रिटनमध्ये चांगलीच रुळली आहे. तेथे १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. ही परीक्षा वाहत्या रस्त्यावर होते. म्हणून बर्फ, हिम, दाट धुके, पूर किंवा सोसाट्याचा वारा असला की ती घेतली जात नाही आणि उमेदवाराला वेगळे शुल्क न घेता नवी तारीख दिली जाते. मात्र त्याने त्या दिवसासाठी केलेला अन्य खर्च भरून मिळत नाही. साधा पाऊस पडत असेल तर चाचणी थांबत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पाऊस हा तिथल्या रोजच्या जगण्याचा भाग. बर्फ हा धोका. रेघ नेमकी कुठे ओढायची, हे अशा रीतीने ठरते.

परंतु पुढे ढकललेल्या तारखेची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. समजा, एका तरुणाला सामान पोहोचवण्याचे काम मिळण्याची खात्री आहे. फक्त परवाना हवा. मे महिन्याच्या मध्यावर त्याने शिकाऊ परवाना काढला. उन्हाळा गावी गेला, पावसाळा सराव आणि मजुरीत गेला. ऑक्टोबरच्या शेवटी चाचणीची तारीख मिळाली. त्या दिवसाची मजुरी बुडवून, मित्राची दुचाकी मागून तो मैदानावर पोहोचला आणि मुसळधार पावसामुळे चाचणी होणार नाही असे त्याला कळले. नोव्हेंबरच्या मध्यापूर्वी नवी तारीख मिळाली नाही, तर त्याच्या शिकाऊ परवान्याची मुदत संपेल. मग पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा ३० दिवसांची प्रतीक्षा. एका पावसाने त्याचा एक दिवसच वाया जातो असे नाही. हाती आलेले कामही दुसऱ्याला मिळू शकते.

अशा वेळी मनात एक पळवाट डोकावते. ‘चालवता तर येतेच, कागद काय, मागाहून येईल.’ ही वाट महागात पडणारी आहे. परवान्याशिवाय वाहन चालवणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्यासाठी ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. दंडापेक्षाही मोठी गोष्ट जीवाची. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एका मोठ्या गावाची सारी वस्ती नाहीशी व्हावी, तसे हे आहे. चाचणी ही अडवणूक नव्हे. ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना दिलेली हमी आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. परवाना मिळाल्यावर माणूस पावसात वाहन चालवणारच; मग परीक्षा पावसात का नको? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु परीक्षेचे काम मूलभूत कौशल्य तपासणे हे असते आणि ते सर्वांचे सारख्याच स्थितीत तपासले गेले पाहिजे. सोमवारी उन्हात परीक्षा देणारा उत्तीर्ण आणि मंगळवारी चिखलात देणारा अनुत्तीर्ण झाला, तर तो निकाल चालकाचा नसून हवामानाचा ठरेल. पावसात वाहन चालवणे हे शिकलेच पाहिजे. पण ते कमी वेगाने, जाणत्याच्या सोबतीने आणि हळूहळू शिकायचे असते. न झालेली चाचणी हे अपयशही नव्हे. पाय घसरून अनुत्तीर्ण होण्यापेक्षा आठवडाभर थांबणे उमेदवाराच्याही हिताचे असते.

म्हणून जबाबदारी दोन्ही बाजूंची आहे. कार्यालयाने सूचना वेळेवर, लोकांना कळेल अशा भाषेत द्यावी आणि ज्यांची मुदत संपत आली आहे त्यांना नवी तारीख आधी द्यावी. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहनविषयक कागदपत्रांची वैधता वेळोवेळी वाढवली होती. अडचण उमेदवाराच्या हाताबाहेरची असेल तर नियम थोडा वाकू शकतो, हे त्यातून दिसले. उमेदवारानेही सहा महिन्यांच्या मुदतीतील शेवटच्या पंधरवड्याची वाट पाहू नये. पावसाळी महिने ध्यानात घेऊन तारीख निवडावी. घाटरस्त्यांवरच्या पाट्या ‘अति घाई, संकटात नेई’ असे सांगतात. परवान्याच्या बाबतीत त्याला एवढीच जोड द्यावी : अति दिरंगाईही संकटातच नेते.

४. शब्दार्थ

उन्नत मार्ग – खांबांवर उभारलेला, जमिनीपासून उंचावरील रस्ता
गत्यंतर – दुसरा उपाय, दुसरा मार्ग
दृश्यता – किती अंतरापर्यंतचे स्पष्ट दिसते ते प्रमाण
झळ पोहोचणे – त्रास किंवा परिणाम भोगावा लागणे
जोखणे – पारखणे, अंदाज घेणे
दिरंगाई – विनाकारण केलेला उशीर

५. चला, समजून घेऊ

हा वैचारिक लेख आहे. लेखाच्या आरंभी स्थळाची ओळख आहे, नंतर नियम, त्यानंतर हवामान आणि मग प्रश्नाची दुसरी बाजू येते. मुद्दे असे एकापुढे एक रचल्यामुळे शेवटचा निष्कर्ष पटतो. ‘समजा, एका तरुणाला...’ या परिच्छेदात नियमाचा माणसाच्या जगण्यावर होणारा परिणाम दाखवला आहे. केवळ आकडे दिले असते तर तो मनाला भिडला नसता. ‘यावर एक आक्षेप घेतला जातो’ या वाक्याने विरोधी मत नाकारण्याऐवजी आधी नीट मांडले आहे. मत पटवून देण्याची ही प्रामाणिक पद्धत होय.

६. पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
(१) शिकाऊ परवाना किती काळ वैध असतो?
(अ) ३० दिवस (आ) ६० दिवस (इ) सहा महिने (ई) एक वर्ष
(२) बंगळूरच्या हिवाळ्यातील मुख्य अडचण कोणती?
(अ) बर्फ (आ) पाऊस आणि धुके (इ) उष्णतेची लाट (ई) गारपीट
(३) लेखात चाचणीला काय म्हटले आहे?
(अ) अडवणूक (आ) शिक्षा (इ) उपचार (ई) हमी

७. भाषाभ्यास

पुढील शब्द जवळचे वाटले तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत.
रद्द करणे – ठरलेली गोष्ट पूर्णपणे मोडीत काढणे.
स्थगित करणे – चालू किंवा ठरलेली गोष्ट काही काळ थांबवून ठेवणे.
पुढे ढकलणे – ठरलेली गोष्ट नंतरच्या दिवसावर नेणे.
तहकूब करणे – सभा किंवा कामकाज मध्येच थांबवून पुढच्या वेळेवर ठेवणे.
पावसामुळे न झालेल्या चाचणीसाठी यांपैकी कोणता शब्द अचूक ठरेल, याचा विचार करा.

८. तुम्ही काय शिकलात

• वाहन परवान्याच्या चाचणीला कायद्याने ठरवलेली मुदत आणि क्रम असतो.
• ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर वाहन थांबण्याचे अंतर वाढते. म्हणून खराब हवामानात चाचणी थांबवणे सुरक्षित आणि न्याय्य असते.
• विलंबाचा भार रोजंदारीवर जगणाऱ्यावर अधिक पडतो. तो हलका करणे हे कार्यालयाचे आणि वेळेवर अर्ज करणे हे उमेदवाराचे काम आहे.

९. स्वाध्याय

(१) पावसात चाचणी न घेण्यामागची दोन कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
(२) लेखातील तरुणाच्या जागी तुम्ही असता तर कोणती काळजी आधीच घेतली असती?
(३) मुसळधार पावसामुळे तुमची चाचणी झाली नाही आणि शिकाऊ परवान्याची मुदत दहा दिवसांत संपत आहे, अशी कल्पना करा. लवकरची तारीख मिळावी यासाठी तुमच्या भागातील परिवहन अधिकाऱ्यांना अर्ज लिहा.
(४) ‘परीक्षा सर्वांची सारख्याच स्थितीत झाली पाहिजे’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? सकारण लिहा.

१०. पाठगत प्रश्नांची उत्तरे

(१) इ (२) आ (३) ई