एच.आय.व्ही. आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर

एच.आय.व्ही. म्हटले की क्षय, जुलाब आणि झिजलेले शरीर डोळ्यांपुढे येते. परंतु १ एप्रिल २००४ पासून सरकारने या रोगावरील औषधे मोफत देण्यास सुरुवात केली, आणि ती नियमाने घेणारी कितीतरी माणसे वर्षानुवर्षे शेतात राबत आहेत. अशांनी व त्यांच्या घरच्यांनी आता रक्तवाहिन्यांकडेही लक्ष दिले पाहिजे.

अस्तराचे काम
रक्तवाहिनी ही नुसती नळी नव्हे. तिला आतून पेशींच्या एकाच थराचे पातळ अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्यामुळे वाहिनी गरजेप्रमाणे रुंदावते व रक्ताची गुठळी होत नाही. पाटाचा गिलावा शाबूत असेल तर पाणी सुरळीत वाहते. तो उखडला की गाळ धरतो. रक्तवाहिनीचेही तसेच. अस्तर दुखावले की तेथे चरबी साचते, वाहिनी ताठर व अरुंद होते.

विषाणू काय करतो?
१) विषाणूची काही प्रथिने अस्तराच्या पेशींना थेट इजा करतात.
२) आतड्यातील संरक्षक पेशी विषाणू सुरुवातीलाच मारतो. मग आतड्याचा बांध कच्चा होतो आणि जंतूंचे अंश रक्तात झिरपतात. त्यांच्याशी शरीर सतत झुंजत राहते. ताप नाही, वेदना नाही, पण आत दाह धुमसत असतो. औषधाने तो पुष्कळ कमी होतो. पूर्ण विझत मात्र नाही.
३) अस्तराची डागडुजी करण्यास हाडांच्या मगजातून येणाऱ्या काही पेशी मदत करतात. बाधितांमध्ये या पेशी कमी किंवा मंद झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे झीज जास्त आणि दुरुस्ती कमी.

परिणामी अशा व्यक्तीला हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीड ते दोन पट असतो.

काय करावे?
गोळ्या कधीही थांबवू नयेत. सुगीची घाई असो की बरे वाटत असो, खंड नको. ३३ देशांतील ५,४७२ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००६ साली मध्येच थांबवावा लागला. ज्यांचे औषध मधूनमधून बंद ठेवले होते, त्यांच्यात मृत्यू अधिक झाले आणि हृदय, मूत्रपिंड व यकृताचे गंभीर आजारही वाढले.

विडी, सिगारेट, मिश्री व तंबाखू सोडावी. निपाणी भागात तंबाखू हे पोटाचे पीक आहे, हे खरे. पण आधीच दुखावलेल्या अस्तरावर तिचा घाव दुप्पट बसतो.

रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल वेळोवेळी तपासावे. मीठ, लोणचे, पापड व तळण बेताने खावे. चाळिशीनंतर डॉक्टरांना कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल विचारावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, १२ देशांतील अभ्यासात पिटाव्हास्टॅटिन या गोळीने बाधितांमधील हृदयविकार, पक्षाघात यांसारखे प्रसंग सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. आपल्या मनाने मात्र ती घेऊ नये. छातीत दडपण, डाव्या हाताला कळ, धाप किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शेवटची गोष्ट आपल्या सर्वांसाठी. पुष्कळांच्या गोळ्या चुकतात त्या आळसाने नव्हे, तर घरात व गावात लपवून घ्याव्या लागतात म्हणून. एका ताटात जेवल्याने, हातात हात दिल्याने, चर्चमध्ये एका बाकावर बसल्याने हा रोग लागत नाही. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे केले ते दुरून नव्हे, हात लावून. आपल्या धर्मग्रामात कोणा बंधू-भगिनीला गोळी लपवावी लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. तिच्यावर त्यांच्या रक्तवाहिन्यांचे आणि आयुष्याचे रक्षण अवलंबून आहे.