बुरशीवर जगणारे फुलकिडे व नव्या जातीचें नामकरण

कांद्याची पात पांढुरकी पडून वाळूं लागली कीं शेतकरी तिच्या बेचक्यांत फुलकिडे शोधतो. मिरचीच्या मळ्यांतील त्यांचा उपद्रवही सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामुळें फुलकिडा म्हणजे पिकाचा वैरी, अशी आपली समजूत झालेली असते. ती सर्वस्वीं खरी नाहीं. आजवर फुलकिड्यांच्या सहा हजारांहून अधिक जातींचें वर्णन झालें असून त्यांतील पुष्कळ जाति फुलांकडे फिरकतही नाहींत. वाळलेल्या फांद्या, झाडाला लोंबणारीं मेलेलीं पानें व जमिनीवरील पालापाचोळा हें त्यांचें घर, आणि तेथें वाढणारी बुरशी हें त्यांचें अन्न. अशा एखाद्या किड्याची जाति नवीन आहे हें शास्त्रज्ञ कसें ठरवितात, तें आम्ही ह्या लेखांत थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम त्यांची शरीररचना पाहूं. बहुतेक फुलकिडे एक-दोन मिलिमीटर लांबीचे असतात. त्यांच्या अरुंद पंखांच्या कडांस लांब केसांची झालर असते. तिजवरूनच हॅलिडे ह्या आयरिश शास्त्रज्ञानें १८३६ सालीं ह्या गणास 'थायसॅनोप्टेरा', म्हणजे झालरपंखी, असें नांव दिलें. ह्यांच्या तोंडांत फक्त डावा जबडा वाढलेला असतो. त्यानें अन्नास भोंक पाडावयाचें व दोन बारीक सुया जुळून झालेल्या नळीनें आंतील रस ओढून घ्यावयाचा, अशी त्यांची रीत आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. बुरशीच्या तंतूंतील रस पिणाऱ्या जातींत ही सुई सामान्यतः दोन-तीन मायक्रॉन रुंद असते. पण बुरशीचे बीजाणु अखंड गिळणाऱ्या जातींत ती पांच ते दहा मायक्रॉन भरते. जसें अन्न, तसें साधन.

आतां नव्या जातीकडे वळूं. संशोधक वाळलेली फांदी पांढऱ्या ताटावर झटकतो व खालीं पडलेले किडे ओल्या कुंचल्यानें टिपून मद्यार्कांत ठेवितो. पुढें ते स्वच्छ करून, त्यांचे पंख व मिशा पसरून, कॅनडा बाल्सममध्यें काचपट्टीवर कायमचे बसवितो. मग सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं मिशांचे सांधे, डोक्याची लांबी-रुंदी, अंगावरील केस व पोटाच्या टोकाची नळी हीं मोजून तो ज्ञात जातींशीं ताडून पाहतो. खरा भेद आढळला तरच वर्णन व आकृति प्रसिद्ध करून दोन शब्दांचें नांव देतो. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. प्राणिशास्त्रांत ह्या नामपद्धतीचा आरंभ लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मानितात. सन २००० पासून तर, नांवाचा आधारभूत नमुना कोणता हें स्पष्ट सांगितल्यावांचून, नव्या जातीचें नांव ग्राह्य धरीत नाहींत. तो नमुना संग्रहालयांत जपून ठेवितात, म्हणजे पुढील पिढीस शंका आल्यास तो पुन्हां तपासतां येतो.

इतकी दक्षता कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ह्या किड्यांच्याच चरित्रांत आहे. बीजाणु खाणाऱ्या अनेक जातींत नरांच्या आकारांत विलक्षण तफावत असते. मोठ्या नराचे पुढचे पाय जाड व दणकट, तर लहान नराचे मादीसारखे बारीक. एक-दोन नमुन्यांवरून निर्णय करणाऱ्यांनीं पूर्वीं अशा नरांस निरनिराळ्या जातींचे समजून वेगवेगळीं नांवें दिलीं, आणि तीं पुढें रद्द करावीं लागलीं. अमेरिकेंत ओकच्या मेलेल्या पानांवर राहणाऱ्या 'एलाफ्रोथ्रिप्स ट्युबरक्युलेटस' ह्या जातीचें निरीक्षण बर्नार्ड क्रेस्पी ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत केलें. अंडीं घालणाऱ्या मादीजवळ नर पहारा करतात, दुसरा नर आला कीं झुंज देतात व बहुधा मोठा नर जिंकतो, असें त्यांस आढळलें. ह्याहून नवल असें कीं, जी मादी अंडीं घालते तिला मुली होतात, आणि जी जिवंत पिलें प्रसवते तिला मुलगे होतात! काचपट्टीवरील एकटा मृत किडा ह्यांतील कांहींच सांगत नाहीं. म्हणून एकाच ठिकाणचे लहान-मोठे पुष्कळ नर-मादी पाहणें, आणि शक्य तर ते जिवंतपणीं पाहणें, अवश्य असतें.

आपल्या देशांत मद्रासच्या लॉयोला कॉलेजांतील प्राध्यापक टी. एन. अनंतकृष्णन (१९२५–२०१५) ह्यांनीं फुलकिड्यांच्या अभ्यासांत आयुष्य वेंचलें, व बुरशीवर जगणाऱ्या जातींकडेही लक्ष पुरविलें. अशा अभ्यासाचा आरंभ करण्यास मोठी सामग्री लागत नाहीं. विद्यार्थ्यांनीं पावसाळ्यानंतर एखादी वाळकी फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी व भिंगानें पाहावें. पोटाचें टोंक वर उचलून चालणारा काळसर, लांबट किडा कदाचित् दृष्टीस पडेल. तो पिकाचा वैरी नव्हे; कुजलेल्या पाल्यावरील बुरशी खाऊन तो आपला निर्वाह करीत असतो. पालकांनींही मुलांच्या अशा जिज्ञासेस उत्तेजन द्यावें, अशी आमची विनंति आहे.

नीट पाहिल्यावांचून कोणास नांव देऊं नये, आणि नांवेंही ठेवूं नयेत, एवढा धडा ह्या चिमुकल्या प्राण्यापासून आपण सर्वांनीं घेण्यासारखा आहे.