भिंतीतलं भोक आधी बघ

पोरी, सोमवारी तू अणुवीज केंद्राच्या फायर सेक्शनला रुजू होणार. तुझी आई काळजीत आहे, आणि शेजारच्या काकू परवा मलाच विचारत होत्या, "तिथं किरणं असतात ना हो?" असतात. त्यांच्यासाठी छातीवर बॅज आहे, वेगळं खातं आहे, त्या विद्येची माणसं आहेत. तुझा वैरी निराळा. तो केबलच्या आवरणात असतो, टर्बाइनच्या तेलात असतो, वेल्डर विसरून गेलेल्या चिंधीत असतो. नियम तुला ट्रेनिंगमध्ये शिकवतील. मामा सांगतोय ते त्या नियमांच्या मधल्या फटींतलं आहे.

सुंभ जळतो, पीळ जात नाही

हे आधी डोक्यात पक्कं कर. गिरणीला आग लागली तर माणसं बाहेर काढायची, कुलूप लावायचं, जळू द्यायचं. इथं तसं चालत नाही. अणुभट्टी बंद केली तरी त्या क्षणी तिच्यात पूर्ण क्षमतेच्या 6 ते 7 टक्के उष्णता तयार होतच असते. ती हळूहळू उतरते, पण दिवसचे दिवस पाणी फिरवत राहावं लागतं. त्यासाठी पंप हवा, पंपाला वीज हवी, विजेला केबल हवी. म्हणून तू आग विझवायला चालली आहेस असं समजू नको. भट्टी थंड ठेवणारी वाट जळू नये म्हणून तू आहेस.

भिंतीतलं प्रत्येक भोक तुझं

22 मार्च 1975. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचं केंद्र आहे. केबल जिथून भिंतीपलीकडे जातात तिथं हवा गळते का, हे तिथली माणसं मेणबत्ती धरून बघत होती. ज्योत वाकली म्हणजे गळती आहे. ज्योत वाकली, आत ओढली गेली, आणि भोकात भरलेला फोम पेटला. सुमारे सात तास आग चालली, 1600 हून जास्त केबल गेल्या. आपल्याकडे म्हणतात ना, आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी? अगदी तसंच झालं. माणसं या बाजूच्या खोलीत झुंजत होती, आणि आग भिंत ओलांडून अणुभट्टीच्या इमारतीत पसरलेली.

आता मेणबत्ती कोणी धरत नाही, पण भोकं आहेतच. एका केंद्रात (नाव विचारू नको) मी भिंतीच्या सीलवरून हात फिरवत होतो. सगळीकडे कडक, खरखरीत. एका जागी बोट मऊ लागलं. बघतो तर कोणीतरी एक नवी केबल ओढलेली, सील फोडलेलं, आणि भोकात प्लॅस्टिकची पिशवी कोंबून वरून रंग मारलेला. तीन तास आग अडवायची म्हणून बांधलेली भिंत, आणि तिच्यात दुधाची पिशवी! तेव्हापासून माझा नेम: नवी केबल पडली असं कानावर आलं की त्याच दिवशी जाऊन भिंतीच्या दोन्ही बाजू बघायच्या. एक बाजू नेहमी छान दिसते.

सख्खी आणि सावत्र एका खोलीत नको

नरोऱ्याचं नाव तुला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. उत्तर प्रदेशात, गंगेच्या काठी. 31 मार्च 1993, पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. तोल गेला, यंत्र थरथरलं, जनरेटरची सीलं फुटून हायड्रोजन बाहेर आला आणि पेटला. मग तेल पेटलं, मग केबल. खरं दुखणं इथं होतं. मुख्य पुरवठ्याच्या आणि आणीबाणीच्या पुरवठ्याच्या केबल एकाच वाटेनं गेलेल्या, मध्ये आग अडवणारा आडोसा नाही. एकीनं पेट घेतला, दुसरीही गेली. केंद्र सुमारे 17 तास विजेशिवाय राहिलं. धूर कंट्रोल रूममध्ये शिरला, तिथली माणसं बाहेर पडली.

पण भट्टी त्यांनी मिनिटाच्या आत बंद केली होती. नंतर काही जण अंधारात बॅटऱ्या घेऊन इमारतीत वर चढले आणि हातानं व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं, भट्टी पुन्हा चालू होऊ नये म्हणून. आणि स्टीम जनरेटरला पाणी कुणी दिलं? आपल्या डिझेलवरच्या अग्निशमन पंपांनी. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. फायर सेक्शनचा पंप भट्टीच्या कामी येतो, तो असा. म्हणून त्याची डिझेलची टाकी, बॅटरी आणि पहिल्या फटक्यात सुरू होणं, हे आठवड्याच्या चाचणीत सही मारून मोकळं व्हायचं काम नाही. पंप सुरू होताना समोर उभी राहा.

आणि नकाशा बघशील तेव्हा फक्त हे विचार: ही खोली पूर्ण जळाली, तर दुसरी वाट शिल्लक आहे का?

न दिसणारी ज्योत

जनरेटर थंड ठेवायला त्यात हायड्रोजन भरतात. हवेत 4 टक्के असो की 75, मधल्या कुठल्याही प्रमाणात तो पेटतो, आणि उजेडात त्याची ज्योत दिसत नाही. जुनी माणसं संशय आला की लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायची. काड्या पेटल्या की पाऊल तिथंच थांबायचं. आता डिटेक्टर आहेत, तरी घाई तीच मारते. गळती बंद झाल्याशिवाय हायड्रोजनची ज्योत विझवू नको. आजूबाजूचं थंड ठेव. विझलेला पण गळत राहिलेला वायू छताखाली साठतो आणि पुढच्या ठिणगीची वाट बघतो.

पाण्याला भिऊ नको, पण ओळखून मार

ब्राउन्स फेरीला विजेच्या धास्तीनं पाणी मारायला उशीर केला. शेवटी पाणी मारलं तेव्हा आग पटकन आटोक्यात आली. केबलची मोठी आग नुसत्या सीओटूनं दबते, मरत नाही. आतला निखारा तसाच राहतो. मात्र पुढेमागे कल्पाक्कमला बदली झाली तर हा धडा उलटा कर. तिथल्या फास्ट ब्रीडरमध्ये द्रवरूप सोडियम असतं. त्याला पाणी दाखवलंस तर आग वाढेल, वर स्फोट होईल. तिथं कोरडी पावडर.

परमिट संपलं म्हणजे काम संपलं नाही

वेल्डिंग थांबलं, होल्डर खाली ठेवला, वेल्डर चहाला गेला. तुझं काम आता सुरू. ठिणगी जाळीतून खालच्या मजल्यावर पडते आणि कचऱ्यात धुमसत बसते. एकदा मी वीस मिनिटं थांबून उठलो, जेवणाची सुट्टी झाली होती. चाळिसाव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरून धूर आला. कॉटन वेस्टची एक मूठ होती, बादलीभर पाण्यात भागलं. पण तेव्हापासून मी तासभर बसायचो, आणि तेही खालच्या मजल्यावर.

दाराखालची पाचर

फायर डोअर जड असतं, येणारा-जाणारा वैतागतो, मग कोणीतरी लाकडाची पाचर लावतो. भांडू नको. पाचर काढून खिशात घाल आणि शिफ्ट संपताना शिफ्ट चार्ज इंजिनियरच्या टेबलावर ठेव. मी एका महिन्यात अकरा ठेवल्या. बाराव्या वेळी ते स्वतः माझ्याबरोबर फेरीला आले.

घड्याळ नव्हे, आपला श्वास

श्वसनसंचाचा सिलिंडर 45 मिनिटं चालतो म्हणतात. होज ओढत तीन जिने चढ, तिसाच्या आतच हवा संपत आल्याची शिट्टी वाजते. ड्रिलमध्येच मोज, तुझी शिट्टी कितव्या मिनिटाला वाजते ते. आणि परतीची हवा राखून निघ. शिट्टी ही निघायची वेळ नव्हे, तोवर तू दाराशी पोचलेली हवीस. आणि हातबॅटरीचे सेल दर सोमवारी बदल. नरोऱ्याला चढलेल्यांच्या हातात तेवढंच होतं.

आता पहिल्या दिवसाचं काम. ओळखपाळख, चहा नंतर. आधी केबल रूममध्ये जा आणि भिंतीतली भोकं मोज. कितींची सीलं जुनी, किती नवी, किती शंकेची, वहीत लिही. मला फोन करून आकडा सांगू नको. असले आकडे गेटबाहेर न्यायचे नसतात, मामाकडेही नाही. फक्त एवढं सांग, की बोट कुठं मऊ लागलं का.