अंगावरच्या गांधी आणि एक बदललेले जनुक

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे ‘पित्त उठले’ असे म्हणून आमसुलाचे पाणी चोळतात. यकृतातील पित्ताचा मात्र या विकाराशी संबंध नाही. त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामाइन हे द्रव्य सोडतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि खाजऱ्या गांधी येतात. कारण बहुधा संसर्ग, औषध वा खाद्यपदार्थ असते. पुष्कळदा ते सापडतही नाही.

काही मोजक्या कुटुंबांत मात्र ते जन्मतःच शरीरात असते. टॉवेलने अंग खसखसून पुसले, धावले, खडबडीत रस्त्यावर बसचे हादरे बसले, की गांधी उठतात. अशा दोन मोठ्या कुटुंबांत अमेरिकी संशोधकांना एडीजीआरई२ या जनुकातील एकच बदल आढळला; हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. या जनुकापासून मास्ट पेशीवरील एक ग्राहक प्रथिन बनते. त्याचे दोन भाग असून बाहेरचा भाग आतल्या भागाला झाकणासारखा शांत ठेवतो. बदलामुळे ही पकड सैल होते आणि साध्या कंपनानेही पेशी हिस्टामाइन सोडते. यात अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडांचा हात नसल्याने मुलाचे वांगे-दही तोडून काही साधत नाही.

सिकलसेलमुळे विदर्भातील घरांना आनुवंशिकतेचे गणित परिचित आहे. तेथे आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक असते. येथे एकाच पालकाकडून आलेले बदललेले जनुक पुरते. शक्यता दोनात एक. म्हणूनच आम्ही आजी-आजोबांपर्यंत चौकशी करतो. सरसकट जनुकचाचणी मात्र सुचवत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो खर्च व्यर्थ ठरेल.

निदानासाठी हात कंपनयंत्रावर काही मिनिटे टेकवून पाहतात. हा प्रयोग घरी करू नये. हादरे टाळणे आणि वैद्यकीय सल्ल्याने हिस्टामाइनरोधक गोळ्या घेणे, हा मुख्य उपाय. ओठ वा जीभ सुजली, श्वास अडखळला, तर मात्र क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

एक अडचण नेहमीची. या गांधी बहुधा तासाभरात मावळतात. खापा परिसरातून बसने आलेल्या मुलाचा क्रमांक लागेपर्यंत हातावर काहीच उरत नाही आणि शाळा चुकवण्याचे निमित्त म्हणून त्यालाच बोल लावला जातो. पालकांनी गांधी दिसताच भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून, त्याआधी मूल काय करीत होते ते लिहून आणावे.