दातांचा छोटा दवाखाना: स्वच्छतेचा हिशोब कुठे चुकतो?

मागच्या व्हिडिओनंतर दोन-तीन डेंटिस्टनी विचारलं, "सर, आमच्या एका खुर्चीच्या दवाखान्यासाठी पण क्वालिटीचं काहीतरी सांगा ना." मी डॉक्टर नाही, बीबीए करून स्टेशनरीचं दुकान चालवणारा माणूस आहे. त्यामुळे दाताच्या उपचारांबद्दल बोलणार नाही. स्टॉकबद्दल बोलणार आहे.

एका तालुक्याच्या गावी एका मॅडमच्या दवाखान्यात, त्यांना आणि पेशंटना विचारून, मी दोन संध्याकाळी कोपऱ्यात बसून होतो. ऑटोक्लेव्ह चांगला, भिंतीवर स्वच्छतेचं पोस्टर. साडेसात वाजले, बाहेर पाच पेशंट. असिस्टंट ताईने वापरलेला हँडपीस स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि परत ट्रेमध्ये ठेवला. मॅडम तिच्यावर जाम रागावल्या.

मी नंतर विचारलं, "मॅडम, हँडपीस किती आहेत?" म्हणाल्या, "दोन." आणि तपासणीच्या हत्यारांचे सेट? "तीन."

मग ती पोरगी करणार काय?

वही-पेन घ्या, हिशोब करू. त्यांच्याकडे दर ३० मिनिटांनी एक पेशंट. १३४ अंशांवर वाफेचं खरं काम ३-४ मिनिटांचंच असतं, पण मशीन तापणं आणि पाऊच वाळणं धरून त्यांची सायकल ४५ मिनिटांची. त्याआधी घासून, धुऊन, पाऊचमध्ये भरायला १५ मिनिटं. नंतर गार व्हायला १५. मशीन आधीच चालू असेल तर आणखी ४५ मिनिटं थांबा. आणि खुर्चीवर वापरात ३०. एकूण झाली १५० मिनिटं. १५० भागिले ३० म्हणजे ५ सेट. एखादा हातातून खाली पडला तर? म्हणून ६. हँडपीसलाही हेच गणित.

दुकानात वह्या संपल्या तर गिऱ्हाईक शेजारी जातं. इथे सेट संपला तर गिऱ्हाईक जात नाही, त्याला कळतच नाही. म्हणून हे जास्त धोक्याचं.

"पण स्पिरिटने पुसला तर बिघडलं कुठे?" बिघडतं. हँडपीस थांबताना तोंडातली लाळ, रक्त आतल्या नळीत ओढलं जाऊ शकतं. बोळा फिरतो बाहेरून. म्हणून प्रत्येक पेशंटनंतर हँडपीस ऑटोक्लेव्हमध्येच गेला पाहिजे, आणि दोन पेशंटच्या मध्ये पाण्याची लाइन २०-३० सेकंद चालवून सोडली पाहिजे. ऑटोक्लेव्हने हँडपीस लवकर खराब होतो ही तक्रार मी ऐकलीय. कंपनीने सांगितल्याप्रमाणे तेल द्या, आणि तो खर्च फीमध्ये धरा. आपण प्रिंटरची शाई झेरॉक्सच्या दरात धरतोच की!

अजून एक गैरसमज. पाऊचवरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे जंतू मेले, असं नाही. उष्णता तिथे पोचली, एवढंच ती खूण सांगते. खात्रीसाठी आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट लावा. आणि नुसतं उकळणं? स्पोअर त्याने मरतीलच असं नाही.

आता जी गोष्ट मला खरंच लागली, ती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच ताई हळूच मॅडमना म्हणाली, "काल सुई टोचली." टोपण परत लावताना. ओरडा बसेल म्हणून दिवसभर गप्प होती. कावीळ बी ची लस? घेतलेली नव्हती. तीन वर्षं नोकरी झाली होती तिची.

लस न घेतलेल्याला अशा सुईतून कावीळ बी होण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त असतो. टोचलं की जागा साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर ती शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. दिवसभर गप्प बसणं परवडत नाही. मॅडमनी त्याच रात्री तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. रिपोर्ट चांगले आले, लसही सुरू झाली: आज, एका महिन्याने, सहाव्या महिन्यात.

टोपण दोन हातांनी लावायचंच नाही. ते ट्रेवर ठेवून एका हाताने सुई आत सरकवायची. आणि टोचल्याचं सांगणाऱ्याला ओरडायचं नाही, हा नियम मॅडमनी स्वतःसाठी केला.

कचऱ्याचं थोडक्यात, २०१६ च्या नियमांप्रमाणे: सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल, काच निळ्या खुणेच्या डब्यात. ४८ तासांच्या वर दवाखान्यात ठेवायचा नाही.

मॅडमनी आधी तीन हँडपीस घेतले, एकदम चार नाही जमले. तोवर संध्याकाळची अपॉइंटमेंट ४० मिनिटांची केली. दोन पेशंट कुरकुरले म्हणे. तुमचे आकडे कॉमेंटमध्ये टाका: तासाला पेशंट किती, हँडपीस किती. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बसू.