निघताना सांगून जा

चि. मनूस,


काल पमामावशीच्या सुनेचा सिडनीहून फोन आला. तिला वाटलं, आम्हाला ठाऊक असेल. रविवारी कटूंबाला तुम्ही चौघी दरीत उतरलात, अंधार पडला तरी वर आला नव्हतात, आणि चौघींत मिळून एकाच मोबाइलचा उजेड होता म्हणे. खरं-खोटं तूच सांग. पण त्या दिवशी तू कुठे आहेस हे घरात एकालाही माहीत नव्हतं, एवढं तरी खरं ना? वहिनीला मी अजून काही बोललेले नाही.

राजगड केला, हरिश्चंद्रगड केला, मग यात काय, असं वाटलं असेल तुला. अगं, आपले गड ताज्या पायांनी चढायचे, दमल्यावर उतार असतो. ब्लू माउंटन्समध्ये सगळं उलटं. गाव वर पठारावर, हजारेक मीटरवर, आणि वाटा खाली दरीत. थ्री सिस्टर्सशेजारच्या जायंट स्टेअरवेच्या आठशेहून जास्त पायऱ्या गप्पा मारत उतरलात, आणि चढायची वेळ आली तेव्हा पाय गळाले. दरीतून वर आणणारी रेल्वे संध्याकाळी बंद होते, तेही कुणी बघितलं नाही. तिथे जुलैत थंडी, पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो.

हरिश्चंद्रगडाखाली पाचनईला वाट चुकलीस तर गुरांमागचा एखादा मामा भेटतो, घरी नेऊन भाकरी वाढतो. त्या दरीत वस्ती नाही, फोनला धड रेंज नाही. विचारणार कुणाला? म्हणून तिथली जाणती माणसं सांगून निघतात. कुठली वाट, कधी परतणार, हे पोलिसांकडे नोंदवता येतं. उपग्रहामार्फत मदत मागणारं बीकन ब्लॅकहीथच्या नॅशनल पार्कच्या केंद्रात, कटूंबाच्या पोलीस स्टेशनात फुकट वापरायला देतात. डोंबिवलीत बसून मला हे कळतं, तुला तिथे राहून कळू नये?

सापांचं बोलत नाही, क्रेप बँडेज तेवढं जवळ ठेव. उन्हाळ्यात वणव्याचा इशारा असेल त्या दिवशी घरी बसायचं. पण सगळ्यांत आधी, सांगून जा.

रागावले म्हणून जाणं सोडू नकोस हं. कॉलेजात असताना आमचंही हरिश्चंद्रगडाचं ठरलं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. आदल्या रात्री तुझे आजोबा नाही म्हणाले, आणि मी मुकाट्याने पिशवी रिकामी केली. तू कोकणकड्यावरून फोटो पाठवलास, तो मी कितीदा मोठा करून पाहिला असेल. आता गुडघे तिथवर नेणार नाहीत. म्हणून तर दादाशी भांडले होते मी, जाऊ दे पोरीला म्हणून. तुला काही झालं असतं तर?

पायाला लागलंय का कुठे? ते पमामावशीच्या सुनेला सांगता आलं नाही. थंडीत भिजली नव्हतीस ना?

पुढच्या वेळी निघताना मला वाट आणि परतायची वेळ कळव, वर आलीस की फोन कर. सध्या तुमच्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा इथे दुपारचा एक असतो, मी जागीच असते. आणि डोक्याला लावायची चांगली विजेरी नि बूट घे. पैसे मी पाठवते, दादाला सांगू नकोस.

तुझी,
आत्या